सरी, वरंबा आणि एडीएचडी: मेंदूच्या स्कॅनमध्ये नक्की काय दिसतं?

"मॅडम, काही निघालं का?"

एमआरआयच्या कन्सोल रूमच्या दाराशी हा प्रश्न रोज येतो. आम्हा टेक्नॉलॉजिस्ट लोकांचं उत्तर ठरलेलं: रिपोर्ट डॉक्टर देतील, उद्या संध्याकाळी या. त्या दिवशीही मी तेच सांगितलं. मुलगा आठ वर्षांचा. महिन्याभरापूर्वी शाळेत त्याला फिट आली होती, म्हणून न्यूरॉलॉजिस्टनी स्कॅन सांगितला होता. फाइलमध्ये मागे अजून एक कागद होता, वर्षभरापूर्वीचा, बालमानसतज्ज्ञांचा. त्यावर एडीएचडी लिहिलेलं, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, तो विकार.

दुसऱ्या दिवशी आई रिपोर्ट घ्यायला आली, पाकीट तिथेच फोडलं आणि शेवटची ओळ वाचली. मेंदूत कोणताही दोष नाही. ही ओळ वाचून लोक देवाला हात जोडतात. हिचा चेहरा पडला.

"नॉर्मल? म्हणजे मग हा मुद्दाम करतो का सगळं?"

या प्रश्नाला "रिपोर्ट डॉक्टर देतील" हे उत्तर चालत नाही. कारण प्रश्न रिपोर्टचा नाहीच, मशीनचा आहे. ते काय बघू शकतं आणि काय नाही, एवढं तरी मला वीस वर्षांनी सांगता यायला हवं. तिने कुठेतरी वाचलं होतं की एडीएचडीच्या मुलांच्या मेंदूची 'वायरिंग' वेगळी असते आणि ती एमआरआयमध्ये दिसते. वाचलेलं पूर्ण खोटं नव्हतं. पण खरंही होतं असं म्हणता येत नाही. ते का, हे सांगायला जरा मुळापासून सुरुवात करावी लागेल.

मेंदू कापला तर दोन रंग दिसतात. बाहेरची सुरकुतलेली साल करडी, आतला गाभा पांढरट. करड्या भागात चेतापेशींची शरीरं असतात. पांढऱ्या भागात, म्हणजे व्हाइट मॅटरमध्ये, त्या पेशींपासून निघणारे लांब तंतू. पांढरा रंग येतो तो चरबीचा. बहुतेक तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण गुंडाळलेलं असतं, आणि तेही सलग नाही. उसाला जशी पेरं असतात, तसं थोडं आवरण, मग बारीकशी उघडी जागा, पुन्हा आवरण. संदेश एका उघड्या जागेवरून पुढच्या उघड्या जागेवर उडी मारत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत संदेश सेकंदाला साधारण १ मीटरने सरकतो, म्हणजे जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या माणसाच्या वेगाने. शरीरातल्या जाड आवरणाच्या नसांमध्ये तोच वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो.

किती तंतू? डेन्मार्कच्या संशोधकांनी २००३ मध्ये हिशोब मांडला होता. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले आवरणवाले तंतू टोकाला टोक जोडून ठेवले तर सुमारे १,७६,००० किलोमीटर भरतात, बाईच्या मेंदूतले सुमारे १,४९,०००. पुरुषाचे तंतू पृथ्वीला चार वेढे घालून थोडे उरतील.

हे आवरण एका दिवसात चढत नाही. सुरुवात आईच्या पोटातच होते आणि काम साधारण मागून पुढे सरकतं. दिसण्या-हलण्याचे मार्ग आधी. कपाळामागचा भाग, जिथे थांबणं, वाट बघणं, एक गोष्ट मनात धरून दुसरी करणं ही कामं होतात, त्याला जोडणारे मार्ग सगळ्यात शेवटी. काही जुडग्यांचं काम पंचविशीपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालू असतं. एडीएचडीत नेमकी हीच कामं अडखळतात. त्यामुळे संशोधकांची नजर व्हाइट मॅटरकडे वळली यात नवल नव्हतं.

आता अडचण अशी की आपल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये व्हाइट मॅटर म्हणजे एकसारखा पट्टा दिसतो. गाठ, रक्तस्राव, सूज, जुना व्रण असेल तर कळतं. तंतू कुठून कुठे चालले आहेत, दाट आहेत की विरळ, यातलं काहीच त्यात कळत नाही. त्याला वेगळी तपासणी लागते. तिचं नाव डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, आमच्या बोलण्यात डीटीआय.

त्या मुलाबरोबर त्याचे आजोबाही आले होते. इंदापूरकडचे, ऊस लावणारे. डीटीआय म्हणजे काय, हे मी आजवर बऱ्याच जणांना समजावलं असेल, पण या आजोबांइतक्या पटकन कोणालाच कळलं नाही. मी फक्त एवढं विचारलं, "आजोबा, सरी-वरंब्यात पाणी सोडलं की कुठं जातं?"

"सरीनं पळतंय की. दुसरं कुठं जाणार?"

"आणि आडवं?"

"आडवं वरंब्याला थटतंय. झिरपंल थोडं."

झालं. डीटीआयचा सगळा सिद्धांत एवढाच आहे. मेंदूत सगळीकडे पाणी आहे आणि पाण्याचे रेणू सतत वेडेवाकडे धडपडत असतात. स्कॅनच्या एका मोजणीत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, रेणू जेमतेम १० मायक्रॉन सरकतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा एक केस त्याच्या सहा-सात पट जाड असतो. मोकळ्या जागेत हे सरकणं सगळ्या दिशांना सारखं, सपाट रानात पाणी पसरावं तसं. पण जिथे तंतूंची जुडी एका दिशेने चालली आहे, तिथे पाणी तंतूंच्या लांबीने सहज सरकतं आणि आडवं जाताना तंतूंच्या भिंतींना आणि आवरणाला अडतं. तेव्हा पाणी कोणत्या दिशेला सहज पळतं ते मोजा, म्हणजे सरी कोणत्या दिशेने काढलेल्या आहेत ते कळेल. सरी न बघता.

मशीन हे असं करतं: एका दिशेने चुंबकक्षेत्राचा उतार तयार करायचा, पाणी त्या दिशेने किती सरकलं ते सिग्नलच्या घटीवरून ओळखायचं, मग दिशा बदलायची. कमीत कमी सहा दिशा लागतात. चांगल्या संशोधनात तीस, साठ, त्याहूनही जास्त घेतात. पक्षाघाताच्या रुग्णाचा आपण जो साधा डिफ्यूजन स्कॅन करतो, त्यात बहुधा तीनच दिशा असतात. पाणी कुठे अडकून पडलंय एवढं त्यातून कळतं आणि पक्षाघातासाठी तेवढं पुरतं. त्या मुलाच्या स्कॅनमध्येही हा साधा प्रकारच होता. म्हणजे आईला जे 'वायरिंग' बघायचं होतं, ते त्या रिपोर्टसाठी मुळात मोजलंच नव्हतं.

डिफ्यूजन एमआरआयचा पाया फ्रान्सच्या डेनी ले बिहां यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात घातला. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल मोझली यांच्या चमूने मांजराच्या मेंदूत दाखवलं की व्हाइट मॅटरमध्ये पाणी दिशा धरून सरकतं. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ले बिहां यांनी त्याचं गणित बसवलं. तेच डीटीआय.

या गणितातून एक आकडा निघतो, आणि सगळा घोळ त्या आकड्याभोवती आहे. नाव फ्रॅक्शनल अ‍ॅनायसोट्रॉपी. आपण एफए म्हणू. शून्य म्हणजे पाणी चहूकडे सारखं पसरतंय, एकच्या जवळ म्हणजे जवळजवळ एकाच दिशेने पळतंय. मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये तंतू शिस्तीत समांतर असतात, तिथे एफए भरपूर येतो. करड्या भागात अगदी कमी.

याच मोजणीतून तंतूंचे मार्गही रेखता येतात. निळ्या-लाल-हिरव्या धाग्यांनी भरलेल्या मेंदूची चित्रं तुम्ही पाहिली असतील. एक सांगून ठेवते. ते धागे म्हणजे खरे तंतू नव्हेत, फोटो तर नव्हेच. पाण्याच्या दिशेवरून संगणकाने काढलेले ते अंदाज आहेत. स्कॅनचा एक ठोकळा साधारण २ मिलिमीटरचा असतो आणि तेवढ्या जागेतून लाखो तंतू जातात. त्या लाखोंचा मिळून आकडा एकच येतो.

आता एडीएचडीकडे. या मुलांवरचा पहिला डीटीआय अभ्यास न्यूयॉर्क परिसरातल्या मंझर अश्तारी आणि सहकाऱ्यांचा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. एडीएचडीची १८ मुलं आणि तुलनेसाठी १५ निरोगी मुलं. हालचालींचं नियोजन करणाऱ्या भागाकडचे आणि लहान मेंदूकडचे काही मार्ग, अशा ठिकाणी एडीएचडीच्या मुलांचा एफए कमी आला. त्यानंतर असे अभ्यास भराभर आले. कोणाला कॉर्पस कॅलोसममध्ये फरक दिसला, कोणाला कपाळामागून मागच्या भागाकडे जाणाऱ्या लांब जुडग्यात, कोणाला खोल भागातल्या अंतर्गत कॅप्सूलमध्ये. वर्तमानपत्रांनी सरळ भाषांतर केलं: एडीएचडी म्हणजे मेंदूची ढिली वायरिंग.

मला हे शब्द पहिल्यापासून खटकत आले आहेत. कारण माझं काम काचेच्या अलीकडे असतं, आणि काचेपलीकडे या मुलांचं काय होतं ते मी बघते.

त्या आठ वर्षांच्या मुलाचंच घ्या. आत नेण्याआधी कमरेचा चांदीचा करदोटा काढला, आईचं मंगळसूत्र, बांगड्या आणि पदराच्या दोन सेफ्टी पिना काढल्या, कारण ती त्याचे पाय धरून आत बसणार होती. कानात बोळे, वर हेडफोन. डोकं हेल्मेटसारख्या कॉइलमध्ये, दोन्ही गालांशी फोमच्या गाद्या. त्याला सांगितलं, पुतळा-पुतळा खेळायचं. पहिला सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा एक टप्पा, चार मिनिटांचा. दीड मिनिट पुतळा अगदी छान झाला. मग पायाच्या अंगठ्याने ताल धरला. मग "आई, संपलं?" हे दोन शब्द. दोन शब्द बोलताना हनुवटी हलते, हनुवटीबरोबर डोकं हलतं, आणि माझ्या स्क्रीनवर कवटीच्या कडेला पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं उमटतात. सिक्वेन्स परत. तिसऱ्यांदा जमला. आणि हा साधा स्कॅन. डीटीआय चालू असताना तर टेबलच थरथरतं, आवाज कर्कश, वेळ आणखी लांबलेला.

आता विचार करा. डीटीआय काय मोजतं? मायक्रॉनमधली हालचाल. आणि आत कोण झोपलंय? ज्याचं निदानच "एका जागी स्थिर बसत नाही" हे आहे, तो. एडीएचडीची मुलं स्कॅनरमध्ये सरासरीने जास्त हलतात, आणि डोकं हललं की एफए बिघडतो. म्हणजे मुलाच्या तंतूंमधला फरक मोजायला गेलो आणि मोजला त्याच्या मानेचा अस्वस्थपणा, असं होऊ शकतं. फसवणूक कोणी करत नाही. आकडा खरा असतो, फक्त तो भलत्याच गोष्टीचा असतो.

ही नुसती माझी शंका नाही. २०१४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या अनास्तासिया येंडिकी आणि सहकाऱ्यांनी ऑटिझमच्या मुलांच्या स्कॅनवर दाखवलं की दोन गटांत डोक्याच्या हालचालीचा फरक असेल तर एवढ्यानेच व्हाइट मॅटरमध्ये खोटा फरक उगवतो. मग २०१८ मध्ये आओकी, कोर्तेझे आणि कास्तेयानोस यांनी एडीएचडीवरचे तोवरचे डीटीआय अभ्यास एकत्र करून तपासले. एकत्रित आकड्यांत कॉर्पस कॅलोसमच्या मागच्या भागासह काही ठिकाणी एफए कमी दिसत होता. पण ज्यांनी दोन्ही गटांची हालचाल सारखी आहे याची खात्री करून घेतली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना फरक सापडलेलाच नव्हता. कास्तेयानोस हे एडीएचडीच्या मेंदू-संशोधनातलं फार जुनं नाव. आपल्याच क्षेत्राचा असा हिशोब मागणारा माणूस मला आवडतो.

आजकाल संशोधन करणाऱ्या बऱ्याच ठिकाणी आधी खोटं मशीन वापरतात. दिसायला तसंच, आत चुंबक नाही, आवाज मात्र खरा. मुलं त्यात झोपायचा सराव करतात, हललं की वर चाललेलं कार्टून थांबतं. हे फार गुणी खेळणं आहे.

तर इथपर्यंत गोष्ट अशी दिसते: आधी एफए कमी आला, मग कळलं की त्यातलं बरंचसं हालचालीचं होतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

अमेरिकेत एबीसीडी नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. सुरुवातीला ९-१० वर्षांची असलेली सुमारे ११,८०० मुलं, २१ केंद्रं, आणि दर काही वर्षांनी स्कॅन, मोठी होईपर्यंत. त्याच्या डीटीआयमध्ये पाण्याची चाल ९६ दिशांनी मोजतात. या साठ्यातल्या १,७०४ मुलांचे आकडे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चमूने ३० प्रमुख मार्ग तपासले आणि निष्कर्ष २०२३च्या शिकागोतल्या रेडिऑलॉजी परिषदेत मांडला. एडीएचडीच्या मुलांचा एफए नऊ मार्गांत वेगळा आला. कमी नाही. जास्त!

आणि हे असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००९-१०च्या सुमारासही एक-दोन गटांना जास्त एफए दिसला होता. त्यांच्याकडे तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही, कारण 'ढिली वायरिंग'च्या मथळ्यात तो बसत नव्हता.

एकाच विकारात तोच आकडा कधी कमी, कधी जास्त कसा? इथे पुन्हा शेतात जाऊ.

समजा मी लांबून फक्त पाण्याची चाल मोजतेय आणि एका तुकड्यात पाणी एकाच दिशेने कमी पळतंय, जास्त पसरतंय. कारण काय असेल? वरंबे ढासळले असतील. किंवा सरी रुंद काढल्या असतील. किंवा त्या तुकड्यात सरी विरळ असतील. किंवा, आणि हे महत्त्वाचं, तिथे उभ्या सरींना आडवा पाट छेदून जात असेल. शेवटच्या शेतात काहीही बिघडलेलं नाही, उलट पाण्याची सोय जास्त आहे. तरी आकडा कमीच येणार. आता तो आडवा पाट बुजवा. सोय कमी झाली आणि माझा आकडा वाढला.

मेंदूत हे क्वचित नाही, सर्रास आहे. व्हाइट मॅटरच्या बहुतेक ठोकळ्यांमध्ये एकाहून जास्त दिशांचे तंतू एकमेकांना छेदतात. साठ ते नव्वद टक्के ठोकळ्यांत, असा २०१३ मधला एक अंदाज आहे. त्यामुळे एफए जास्त म्हणजे वायरिंग पक्की आणि कमी म्हणजे कच्ची, हे समीकरण मुळातच चुकीचं. आवरण जाड आहे, तंतू दाट आहेत, की छेदणारे तंतू कमी आहेत, यातलं नेमकं काय झालंय हे तो एकटा आकडा सांगूच शकत नाही. म्हणूनच आता एकाच ठोकळ्यात अनेक दिशा वेगळ्या काढणाऱ्या पद्धती वापरात येत आहेत.

वयाचाही गुंता आहे. नऊ वर्षांच्या मुलाचा एफए आज जो आहे, तो बाराव्या वर्षी वेगळा असणार. अमेरिकेतल्या फिलिप शॉ यांच्या गटाने २००७ मध्ये करड्या भागाबद्दल एक गाजलेला निष्कर्ष मांडला होता: सालीची जाडी वाढत वाढत शिखर गाठते, ते बहुतेक मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या आसपास, आणि एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या आसपास. क्रम तोच, गाडी उशिरा. व्हाइट मॅटरमध्येही असं उशिरा चालणं असेल, तर दोन गटांतला फरक तुम्ही कोणत्या वयात फोटो काढला यावर बदलेल.

आईच्या प्रश्नाकडे येऊ. समजा उद्या सगळं नीट जमलं. मुलं हलली नाहीत, छेदणारे तंतू वेगळे काढता आले, फरक पक्का ठरला. मग एका मुलाचा स्कॅन बघून सांगता येईल का?

नाही. आणि याचं कारण मशीनपेक्षा गणितात आहे. मेंदूच्या मोजमापांतले एडीएचडीचे फरक फार छोटे निघाले आहेत. २०१७ मध्ये एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने एडीएचडी असलेल्या १,७१३ आणि नसलेल्या १,५२९ लोकांचे स्कॅन एकत्र केले आणि मेंदूच्या खोल भागांचं आकारमान तपासलं. सगळ्यात मोठा फरक होता अमिग्डालात, म्हणजे भावनांशी संबंधित एका छोट्या भागात, आणि तोही प्रमाणविचलनाच्या (माणसामाणसांत एरवी जेवढा फरक असतो त्याच्या मापाच्या) एक-पंचमांशाहूनही कमी. हा आकडा शब्दांत असा: एडीएचडीचं एक मूल आणि एडीएचडी नसलेलं एक मूल अशा शंभर जोड्या लावा. गटाच्या सरासरीप्रमाणे "बरोबर" निघणाऱ्या जोड्या साधारण पंचावन्न. उरलेल्या पंचेचाळीस जोड्यांत उलटं. नाणं उडवलं तरी पन्नास बरोबर येतात.

व्हाइट मॅटरमधले पक्के धरता येतील असे फरकही याच घरातले आहेत. दोन तालुक्यांतल्या पोरांच्या उंचीची सरासरी अर्ध्या इंचाने वेगळी निघाली, म्हणून समोर उभ्या पोराची उंची बघून त्याचा तालुका सांगता येत नाही, तसं.

या बाबतीत २०११चा एक किस्सा मला फार आवडतो. एडीएचडी-२०० नावाची जागतिक स्पर्धा झाली. ७७६ जणांचे मेंदूचे स्कॅन आणि माहिती दिली होती. त्यावरून आज्ञावली घडवायची आणि नव्या १९७ जणांपैकी एडीएचडी कोणाला ते ओळखायचं. स्कॅन वापरणारे सगळ्यात चांगले गटही साठ टक्क्यांच्या आसपास अडकले. कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने मेंदूचे स्कॅन बाजूला ठेवले. फक्त वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यांक, असली साधी माहिती घेतली आणि साडेबासष्ट टक्के मिळवले. स्पर्धा स्कॅनची होती म्हणून बक्षीस त्यांना मिळालं नाही, ते गेलं जॉन्स हॉपकिन्सच्या गटाकडे. त्या स्पर्धेतले स्कॅन डीटीआयचे नव्हते, मुख्यतः मेंदूच्या कामकाजाचे होते, पण धडा तोच.

म्हणून कोणी 'ब्रेन मॅपिंग'चं पॅकेज विकत असेल आणि रंगीत मेंदू दाखवून "हे बघा, इथे एडीएचडी" म्हणत असेल, तर त्यांना एकच विचारा: हे चित्र कोणत्या वयाच्या, किती मुलांशी ताडून पाहिलं?

औषधांबद्दल विचारल्याशिवाय पालक राहत नाहीत. गोळ्यांनी मेंदू आकसतो का? कास्तेयानोस यांच्याच २००२च्या अभ्यासात १५२ एडीएचडीच्या मुलांच्या मेंदूचं एकूण आकारमान सरासरी सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतं. पण व्हाइट मॅटर विशेष कमी होतं ते ज्यांनी कधीच औषध घेतलं नव्हतं त्यांच्यात. गोळ्या घेणाऱ्यांचं तसं नव्हतं. तेव्हा आकसण्याचा दोष गोळीवर टाकता येत नाही. पुढे ॲमस्टरडॅममध्ये मुलग्यांवर आणि प्रौढ पुरुषांवर चिठ्ठ्या टाकून खरी आणि खोटी गोळी देऊन प्रयोग झाला, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. १६ आठवडे मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीचं नेहमीचं औषध, घेतलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलग्यांत काही मार्गांतला एफए वाढला, मोठ्या पुरुषांत वाढला नाही. वाढला म्हणजे चांगलं झालं का? वर सरींचं सगळं वाचलंत, त्यामुळे तुम्हीही आता लगेच हो म्हणणार नाही. वाढत्या वयातला व्हाइट मॅटर औषधाला प्रतिसाद देतो, इतकंच त्यातून म्हणता येतं.

तो औषधाशिवायही बदलतो. ऑक्सफर्डमध्ये २००९ मध्ये मोठ्या माणसांना सहा आठवडे तीन चेंडूंची कसरत शिकवली, तेवढ्यात डोळा-हात जुळवणाऱ्या भागाजवळ एफए वाढला. त्याच वर्षी अमेरिकेत वाचनात मागे पडलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना सुमारे १०० तास वाचनाचा सराव दिला, त्यांच्याही व्हाइट मॅटरमध्ये बदल दिसला. म्हणजे स्कॅनमध्ये एखादा फरक दिसलाच, तर तो जन्माचा आहे की आठ वर्षं वेगळं जगल्याचा, हेही एका फोटोवरून ठरत नाही.

निदान कसं होतं मग? बोलून, विचारून, बघून. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं, चंचलपणा-उतावळेपणाची नऊ. कोणत्या तरी एका यादीतली निदान सहा, कमीत कमी सहा महिने, वयाच्या बारा वर्षांच्या आतच दिसू लागलेली, आणि एकाहून जास्त ठिकाणी. फक्त गणिताच्या तासाला होत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. त्यासाठी शाळेतल्या बाईंनी भरलेला फॉर्म लागतो, घरच्यांचं म्हणणं लागतं, कान-डोळे तपासावे लागतात, झोप विचारावी लागते. स्कॅन लागतो तो फिट, सततची डोकेदुखी, डोक्याला मार, मागे मागे जाणारी वाढ असं काही असेल तर, आणि तेव्हा शोधायचं असतं ते दुसरंच काहीतरी.

हे सगळं अर्थात मी त्या आईला तिथे उभ्या उभ्या सांगितलं नाही. तिला पाकिटाच्या मागे पेनने सरी काढून दाखवल्या. म्हटलं, तुमच्या मुलाच्या रानात गाठ नाही, खड्डा नाही, जुना व्रण नाही, हे आम्ही बघितलं. सरीतून पाणी कसं पळतं ते बघितलेलंच नाही, आणि बघितलं असतं तरी त्याच्या एकट्याबद्दल काही सांगता आलं नसतं. तो मुद्दाम करतो असं या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

"मग हा कागद कशाला?" आजोबांनी विचारलं.

"फिटच्या डॉक्टरांना. जपून ठेवा, ते मागतील."

"आणि ते दुसरं?"

ते दुसरं म्हणजे वर्षभरापूर्वीचा कागद. फाइलमध्ये पुढची तारीख लिहिलेली होती, ती उलटून सात महिने झाले होते. आईने तो कागद वर काढला, मोबाइल काढला आणि नंबर लावला. मुलगा तोवर व्हीलचेअर घेऊन कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.